नाताळगोठ्यातला अजगर

बायको ऑगस्टमध्ये गेली. नोव्हेंबर लागला तसा चर्चच्या पॅरिश कमिटीतून फोन आला, या वर्षीचा नाताळगोठा कधी सुरू करताय. मी म्हटलं, या वर्षी माझ्याच्याने व्हायचं नाही. "नो वरीज," म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा केला, कारण दुसरं कोणी पुढे आलं नव्हतं. सिडनीला, गिरावीनमध्ये राहणाऱ्या मुलाला मी विचारलं. तो म्हणाला, "डॅड, जस्ट स्किप इट." त्याचं काही चुकत नव्हतं, पण शनिवार-रविवार या घरात एकट्याने काढणं म्हणजे काय ते त्याला माहीत नव्हतं. पुढचा फोन आला तेव्हा मी हो म्हणून टाकलं.

आम्ही वसईचे. आमच्याकडे डिसेंबर लागला की आळीआळीत गोठ्यांची तयारी सुरू होते. बांबू, पेंढा, मातीचे डोंगर, पाण्याचा ओढा, आणि शेजारच्या आळीपेक्षा आपला गोठा सरस झाला पाहिजे ही ईर्ष्या. इथे ऑस्ट्रेलियात पॉइंट कुकला घर घेतलं त्याच वर्षी आम्ही दोघांनी चर्चमध्ये जाऊन सांगितलं होतं की गोठा आमच्याकडे द्या. सांगाडा मी उभा करायचो, कारण माझं कामच पाइपलाइन आणि पुलांचं. मागचा पडदा ती रंगवायची. बेथलेहेमच्या टेकड्या म्हणून ती जे काढायची ते तुंगारेश्वरचे डोंगर असत आणि पायथ्याशी केळीची वाडी. इथे कोणाला ते कळायचं कारण नव्हतं. आमच्यातल्या चार-सहा वसईकर घरांना तेवढं कळायचं, आणि तिला तेवढंच पुरायचं.

चर्चमागे पत्र्याची शेड आहे, तिच्यात गोठ्याचं सामान असतं. कामाच्या पहिल्या शनिवारी शेड उघडली तर आतून ओल्या पुठ्ठ्याचा वास आला. हिवाळ्यात पत्रा गळला होता. मारिया, जोसेफ आणि बाळ येशू चर्चच्या कपाटात असतात म्हणून वाचले, पण प्लास्टरचा बैल गुडघ्यांपर्यंत विरघळला होता आणि गाढवाची मान बाजूला पडली होती. मी तो बैल उचलून उन्हात आणला. उचलताना त्याचा पोटाचा भाग हातात आला आणि पाय तिथेच राहिले. मला एकाएकी इतकं थकल्यासारखं झालं की मी शेडच्या पायरीवर बसलो.

त्या दिवशी मदतीला आलेल्या लोकांत एक म्हातारे गृहस्थ होते. आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्टचे. वय पंचाहत्तरीच्या पुढे, अंगाने काटक, डोक्यावर विणलेली टोपी. त्यांची मुलगी नर्स आहे, ती त्यांना घेऊन आली होती. ती त्यांना पापा म्हणायची, म्हणून चर्चमध्ये सगळेच पापा म्हणत. त्यांना फ्रेंच यायचं आणि त्यांच्या लोकांची भाषा, इंग्रजी अगदी जेमतेम. पापा त्या फुटक्या बैलाजवळ उकिडवे बसले, त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि मुलीला काहीतरी म्हणाले.

"पापा म्हणतात, प्राणी ते करून देतील," ती म्हणाली. "लाकडाचे."

मग तिने सांगितलं की उत्तरेकडच्या सेनुफो लोकांत त्यांचा जन्म. घराणंच लाकूड कोरणाऱ्यांचं. मुखवटे, स्टुलं, दरवाजे, सगळं त्यांचे वडील करायचे. पापांचा लहानपणी बाप्तिस्मा झाला आणि पुढे मिशनच्या शाळेत त्यांनी मुलांना सुतारकाम शिकवलं. ऑस्ट्रेलियात आल्यापासून मात्र त्यांनी हत्यार हातात धरलेलं नव्हतं.

मी हाताने मापं दाखवली. साधारण एवढे उंच, एवढे लांब. पापांनी विचारलं, कोणते प्राणी? मी म्हटलं, बाळाचा जन्म झाला तेव्हा पहिल्यांदा जे आले असतील ते. माझ्या मनात बैल आणि गाढवच होतं, दुसरं काय असणार. तिने ते फ्रेंचमध्ये सांगितलं. पापांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं, मान हलवली आणि माझा हात हातात घेतला.

जवळच वेरिबीला त्यांचं भाड्याचं घर होतं. जवळच्या एका फार्मच्या कडेची जुनी सायप्रसची झाडं नवीन घरांसाठी पाडली होती, त्यातले ओंडके मुलीने मागून आणले होते. गॅरेजमधली गाडी बाहेर गेली आणि पापा आत बसले. पुढच्या शनिवारी दुपारी मी मापं बघायच्या निमित्ताने गेलो. घरी परत जाऊन करण्यासारखं काही नव्हतं हे खरं कारण. दाराबाहेरच सायप्रसचा वास येत होता, लिंबासारखा आणि थोडा औषधी. आत पापा पाय पसरून जमिनीवर बसले होते आणि लाकूड तासायच्या वाकसाने एका ओंडक्याचे छिलके काढत होते. त्या ओंडक्याला चोच होती.

मला आधी वाटलं बगळा असेल. पण चोच फार लांब, खाली वाकलेली, आणि तिचं टोक पुढे आलेल्या पोटाला टेकलेलं. चोचीच्या मुळाशी शिंगासारखा उंचवटा. मी मुलीला म्हटलं, हा बैल नाही. ती रात्रपाळी करून आली होती, दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिने वडिलांना विचारलं आणि ते बोलू लागले. बराच वेळ बोलत राहिले. मध्ये मध्ये ती मला इंग्रजीत सांगत होती.

त्यांच्या लोकांत असं मानतात की जग झालं तेव्हा पाच जण सगळ्यांत आधी आले. सरडा, कासव, अजगर, मगर आणि हा पक्षी. मी पहिल्यांदा आलेले प्राणी मागितले होते, म्हणून पापा ते पाच करत होते. "पहिल्यांदा" हा शब्द भाषांतरात कुठून कुठे गेला ते माझ्या तेव्हा ध्यानात आलं. मी खुलासा करायला तोंड उघडलं, पण पापांचा चेहरा बघितला आणि गप्प राहिलो. मुलगी मला नंतर म्हणाली की पापा एका दमात इतकं बोललेले तिने कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं.

तो पक्षी म्हणजे धनेश होता. मला ओळखायला वेळ लागला, कारण आमच्या डोंगरातला धनेश राखाडी आणि लहान. पापांच्या पक्ष्याचं फुगलेलं पोट आईचं आणि लांब चोच बापाची. दोन्ही एकाच अंगात, म्हणून चोच पोटाला टेकलेली. गेलेले आणि येणारे त्याच्यात एकत्र राहतात. गावात माणूस मेलं की त्याला पलीकडच्या गावाला नेणाराही हाच.

मी त्यांना आमच्याकडचं सांगितलं. मादी झाडाच्या ढोलीत बसते, ढोलीचं तोंड लिंपून घेते, फक्त एक फट ठेवते. पिल्लं मोठी होईपर्यंत नर बाहेरून फळं आणून त्या फटीतून तिला भरवतो. नराला कोणी मारलं तर आत सगळी उपाशी मरतात. माझ्या वडिलांनी हे मला एका उंबराखाली उभं करून दाखवलं होतं. मुलीने ते सांगितलं तेव्हा पापांनी वाकस खाली ठेवलं आणि जोरजोरात मान हलवली. त्यांच्याकडेही तसंच. मग त्यांनी अजून एक गोष्ट सांगितली. फार पूर्वी सगळीकडे पाणीच होतं, जमीन नव्हती. त्या पक्ष्याची आई मेली. पुरायला जागा कुठेच नाही. तेव्हा त्याने तिला आपल्या डोक्यावरच ठेवली. चोचीवर तो उंचवटा दिसतो ना, ती तिची पेटी. तिला घेऊनच तो अजून उडतो.

जुलैत बायकोला गिळता येत नव्हतं तेव्हा मी तिच्या ओठांच्या फटीतून चमचा चमचा पेज सोडत होतो, ते मी त्या बापलेकीला सांगितलं नाही. बराच वेळ छिलके पायाने गोळा करत राहिलो.

त्यानंतर मी प्रत्येक शनिवारी गेलो. कासव झालं, मग मगर. पापा काम करताना सांगायचे, मुलगी जागी असेल तर सांगायची, नसेल तर आम्ही दोघं नुसतेच बसायचो. सरड्याचं त्यांनी चालून दाखवलं होतं. गॅरेजच्या सिमेंटवर एक पाऊल उचलून हवेत तसंच धरलं, पुढेमागे डोलवलं, मग टेकवलं. तेव्हा जमीन ओली होती, नुकतीच झालेली, धरेल की नाही याचा भरवसा नव्हता. तिच्यावर पहिल्यांदा चालला तो सरडा, म्हणून अजून तसा थबकत चालतो. कधी कधी मी काही विचारलं की पापा ओठांवर बोट ठेवायचे. "पुढचं नाही," मुलगी सांगायची. त्यांच्यात पुरुष मोठे होताना राईत जाऊन जे शिकतात ते बाहेर सांगत नाहीत, तिलाही ते माहीत नव्हतं. राई हा शब्द माझा. ती सेक्रेड फॉरेस्ट म्हणाली होती, पण मला आमच्या देवराईशिवाय दुसरं काही डोळ्यांसमोर येईना.

अजगर सगळ्यांत शेवटी झाला. पापांनी तो सरळ केला नव्हता, वेटोळं केलं होतं, डोक्यावर हंडा घेताना बायका चुंबळ ठेवतात तसं, चांगलं रुंद. भविष्य सांगणाऱ्या बायका त्यांच्या गावात असतात. त्यांचे शब्द पलीकडे नेणारा आणि तिकडचे इकडे आणणारा तो अजगर. मधली जागा त्यांनी गव्हाणीच्या मापाची ठेवली होती. बाळाभोवती तो राखणीला बसणार होता.

ते बघितल्यावर मला काळजी वाटायला हवी होती, आणि वाटलीही. पण त्या महिन्यात मला दुसरी कुठलीच गोष्ट बरी वाटत नव्हती, आणि ही वाटत होती.

डिसेंबरात एका शनिवारी आम्ही गोठा मांडला. मागे बायकोचा जुना पडदा लावला, नवीन रंगवायला कोणी नव्हतं. पापांनी प्राणी स्वतः ठेवले. धनेश उजवीकडे, मारियेच्या मागे. कासव आणि मगर पुढे पेंढ्यात. सरडा एका फांदीवर. अजगराच्या वेटोळ्यात गव्हाण. पॉलिश नाही, रंग नाही, नुसतं पिवळसर लाकूड आणि त्यावर वाकसाचे बारीक घाव. पापा मागे सरले, टोपी काढली आणि छातीवर क्रूस केला.

रविवारची प्रार्थना, मिस्सा, संपली आणि लोक गोठ्याभोवती जमले. लहान मुलं मगरीजवळ बसून फोटो काढत होती. मग मी आंटींना बघितलं. आंटी वसईच्याच, माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठ्या, माझ्या बायकोची इथली सगळ्यांत जवळची मैत्रीण. बायकोच्या आजारपणात दर दिवसाआड त्यांचा डबा आमच्या दारात असायचा. शेवटच्या आठवड्यात तिचे केस त्यांनीच विंचरले. त्या हातात रोझरीची माळ धरून गोठ्यासमोर उभ्या होत्या.

"हे काय केलंस तू?" त्या मला मराठीत म्हणाल्या. "मारियेच्या पायाखाली असतो तो सैतानाचा साप बाळाभोवती गुंडाळलास?"

मी समजावायला लागलो. हा तो साप नाही, हा राखणदार आहे, त्यांच्या लोकांत त्याचा अर्थ वेगळा. त्या ऐकत नव्हत्या असं नाही, ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "त्यांच्या लोकांत काय असेल ते असेल. ती असती तर तिने हे ठेवू दिलं असतं का?"

मला खरंच माहीत नव्हतं. इतक्या वर्षांच्या संसारानंतर एवढी एक गोष्ट मला खात्रीने सांगता येऊ नये, याचंच मला वाईट वाटलं. आणि आता कधी कळणारही नव्हतं.

आठवडाभरात चर्चमध्ये दोन तट पडले. कोणी म्हणालं, सुंदर आहे. कोणी म्हणालं, देवळात जादूटोण्याच्या वस्तू आणल्या. तसं म्हणणाऱ्यांत आफ्रिकेतलीही दोन कुटुंबं होती; त्यांच्या आजीआजोबांनी असल्या मूर्ती जाळून बाप्तिस्मा घेतला होता. फादर तरुण होते, आईवडील व्हिएतनामहून आलेले, स्वतः इथेच वाढलेले, मनाने भला माणूस. त्यांनी आम्हाला चर्चशेजारच्या ऑफिसात बोलावलं. पापा, त्यांची मुलगी, कमिटीचे दोघं आणि मी. मी म्हटलं, शेजारी एक पाटी लावू, प्रत्येक प्राण्याचा अर्थ लिहू. कमिटीवाले म्हणाले, नाताळात पाटी वाचायला कोणाला वेळ असतो. शेवटी फादरनी तोडगा काढला. पक्षी आणि कासव राहू दे. अजगर, मगर आणि सरडा मात्र काढावे लागतील.

मुलीने ते वडिलांना सांगितलं. सांगायला तिला फार वेळ लागला नाही. पापांनी टोपी गुडघ्यावर ठेवली होती, तिची घडी घातली, उलगडली.

"पापा म्हणतात," ती म्हणाली, "ते पाच जण एकत्र आले होते. दोघांना आत घेऊन तिघांना बाहेर ठेवता येत नाही."

फादर म्हणाले, मला समजतं, पण मला सगळ्यांना सांभाळायचंय. पापा उठले, फादरशी हात मिळवला आणि बाहेर जाऊन माझ्या गाडीपाशी उभे राहिले. पाचही प्राणी मी माझ्या गाडीत मागची सीट पाडून ठेवले. गोठा तसाच सोडून द्यावा असं मनात आलं होतं, पण आठवड्यावर सण आला होता आणि मागे तिचा पडदा लावलेला होता. एका दुकानातून रेझिनचा बैल आणि गाढव आणलं. वेगवेगळ्या सेटमधले होते, गाढव बैलापेक्षा मोठं. नाताळच्या आदल्या संध्याकाळी मिस्सेला चर्च भरलं होतं, बाहेर अजून लख्ख ऊन आणि चाळिशीला टेकलेली गरमी. आंटींनी माझ्या हातावर हात ठेवला. म्हणाल्या, आता छान दिसतंय. त्यात काही जिंकल्याचा भाव नव्हता. पापा आले नाहीत. मुलगी शिफ्टला होती.

जानेवारीत मी वेरिबीला गेलो. पाचही जण मागच्या अंगणात, लिंबाच्या झाडाजवळ उघड्यावर उभे होते. उत्तरेचा गरम वारा सुटला की इथे कुंपणाच्या फळ्यासुद्धा वाकतात. ओलं सायप्रस होतं ते, नीट सुकवलेलं नव्हतं. धनेशाच्या छातीपासून खाली एक फट गेली होती, आत बोट जाईल एवढी. कासवाची पाठ तडकली होती. मी म्हटलं, आत घेऊ या, तेल लावू या. पापांनी नको म्हणून हात हलवला.

"गावी हा पक्षी राईतच उभा असतो," मुलगी म्हणाली. मी दिलेला शब्द तिने उच्चारून बघितला, पण तो तिच्या तोंडी भलताच झाला. "ऊनपाऊस लागला तरी तिथेच."

आम्ही दोघं आत चहा करायला गेलो तेव्हा तिने मला आईबद्दल सांगितलं. त्यांच्या देशात लढाई सुरू झाल्यावर ते दक्षिणेला निघाले होते, मग सरहद्दीकडे वळले. वाटेत आईला ताप आला. एका अनोळखी माणसाच्या शेताच्या कडेला तिला पुरलं. त्या माणसाने फावडं दिलं, एवढंच. त्यांच्याकडे माणूस पुरलं म्हणजे झालं असं नसतं. नंतर मोठा विधी करावा लागतो, वाजवणारे लागतात, मुखवटे लागतात, सगळं गाव लागतं. तो होईपर्यंत गेलेलं माणूस धड इथलंही नाही आणि तिथलंही नाही. तो विधी झालाच नाही. पापांनी परत जायचं म्हटलं तेव्हा तब्येत राहिली नव्हती.

"तो पक्षी आईसाठी होता," ती म्हणाली. "येशूच्या घरात उभा राहिला असता तर विधी झाला असं त्यांनी धरलं असतं. मला हे नाताळनंतर कळलं. आधी सांगितलं असतं तर मी फादरना सांगितलं असतं."

मी विचारलं, मग त्यांनी का नाही सांगितलं. ती म्हणाली, ते कोणाकडे मागून घ्यायचं नव्हतं त्यांना.

खिडकीतून पापा दिसत होते. खुर्ची टाकून त्या पाच जणांसमोर बसले होते, टोपी डोळ्यांवर ओढून. मी बाहेर जाऊन शेजारी बसलो. माझ्याही बायकोबद्दल त्यांना सांगावं असं वाटलं, पण मुलगी आत होती आणि माझ्याकडे फ्रेंच नव्हतं. तरी मी सांगितलं, मराठीत. ती कशी गेली, कुठे पुरलं, दगडावर काय लिहायचं ते अजून ठरवता आलेलं नाही. ते ऐकत होते. मध्ये एकदा त्यांनी माझ्या गुडघ्यावर थोपटलं, आणि नंतर स्वतः बराच वेळ त्यांच्या भाषेत बोलले. त्यातलं एक अक्षर मला कळलं नाही.

मे महिन्यात त्यांना न्यूमोनिया झाला. हॉस्पिटलमधून एकदा घरी आले, पुन्हा गेले. मी दोनदा भेटलो. दुसऱ्या वेळी ऑक्सिजनचा मास्क होता आणि त्यांनी मला ओळखलं की नाही ते सांगता येणार नाही. जूनमध्ये, थंडी पडली होती तेव्हा, ते गेले.

फादर लगेच घरी आले. मी तिथेच होतो. त्यांनी प्रार्थना केली, मग मुलीला म्हणाले की ते पाचही प्राणी अंत्यविधीला चर्चमध्ये शवपेटीजवळ ठेवू या, कोणाला काय वाटेल ते वाटू दे, कमिटीशी मी बोलतो. ते मनापासून बोलत होते, त्यांचे डोळे भरले होते.

मुलगी म्हणाली, "फादर, डिसेंबरमध्ये ते जिवंत होते."

एवढंच. आवाज चढवला नाही. फादर म्हणाले, सॉरी. तिने त्यांना चहा विचारला आणि त्यांनी तो घेतला.

अंत्यविधी साधा झाला. पेटीवर पांढरी फुलं आणि पापांची टोपी. आंटी आल्या होत्या, मागच्या बाकावर बसल्या. नंतर पार्किंगमध्ये मला म्हणाल्या, "मला ते अजून बरोबर वाटत नाही, तुला खोटं कशाला सांगू. पण इतका शांत माणूस मी बघितला नाही." मी त्यांना घरी सोडलं. उतरताना त्यांनी विचारलं, जेवतोस ना वेळेवर?

सप्टेंबरात मुलीला ब्रिस्बेनला नोकरी मिळाली. सामान बांधायला मी गेलो. अंगणात प्राणी राखाडी पडले होते, मगरीच्या पाठीवर हिरवट बुरशी होती. आम्ही त्यांना जुन्या ब्लँकेटांत गुंडाळायला लागलो. कासव हातात घेऊन ती थांबली.

"याचं काय सांगायचे ते?" तिने विचारलं.

मी म्हटलं, तुम्हीच तर मला सांगितलंत.

"मी झोपेत असायचे," ती म्हणाली. "कानांतून यायचं, तोंडातून जायचं. माझ्याकडे काही राहिलंच नाही. मला वाटलं, तुम्हाला आठवत असेल."

आम्ही तिथेच लिंबाखाली बसलो आणि मला जे आठवत होतं ते मी तिला सांगितलं. धनेशाचं पोट आणि चोच. आईची पेटी. सरड्याचं पाऊल मी उठून चालून दाखवलं, ती थोडं हसली. अजगराच्या बायका. ती फोनमध्ये रेकॉर्ड करत होती. पण कासव आणि मगर यांचं माझ्या डोक्यात मिसळून गेलं होतं. पाण्याखालचं कोणाला दिसतं, दोन्हीकडे कोणाला राहता येतं, ते कोणाचं कुठलं मला धड सांगता येईना. शिवाय मी जे सांगत होतो ते तिच्या इंग्रजीतून माझ्या मराठीत आलेलं, आणि आता पुन्हा इंग्रजीत. पापांनी मूळ काय म्हटलं होतं त्यातलं किती शिल्लक होतं कोण जाणे. तिची एक मावशी गावी होती, ती देवाघरी गेली होती. चुलतभाऊ आबिजानला मोबाईल विकतो, त्याला विचारलं तर तो हसला.

तिने रेकॉर्डिंग बंद केलं. म्हणाली, इतकं तरी आहे.

चौघं सामानाच्या ट्रकमध्ये गेले. धनेश खोक्यात मावला नाही, चोच बाहेर यायची, आणि फट वाढली असल्याने आडवा ठेवायची तिला भीती वाटत होती. शेवटी तिने तो स्वतःच्या गाडीत पुढच्या सीटवर उभा केला. मी त्याला सीटबेल्ट लावून दिला. दोन दिवसांचा रस्ता होता, रात्री वाटेत डब्बोला थांबणार म्हणाली. मी म्हटलं, पोचलात की मेसेज करा. तिने गाडी मागे घेतली, हात केला आणि फ्रीवेच्या दिशेने वळली.

अंगणात रिकामी खोकी उरली होती. मी त्यांच्या घड्या करून रद्दीच्या पिवळ्या झाकणाच्या डब्यात दाबल्या, डबा रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवला, आणि घरी आलो.